घराला वाटलं मी खुशीत आहे

मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आमच्या बायका ह्या आजाराचं नाव घ्यायला इतका वेळ लावतात की तोवर आजार पुढं निघून जातो. मीही लावला. सात महिने.

मी चौथीपर्यंत शिकले, मग मेंढरांमागं गेले. लिहायची सवय नाही. पण दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, तुमच्या वयाच्या बायका रोज येतात आणि सगळ्या उशिरा येतात, तुम्ही लिहा, आम्ही त्यांना वाचून दाखवू. म्हणून लिहिते. ह्यात देवाची कृपा आणि मनाची ताकद शोधू नका. मला दोन्ही भेटल्या नाहीत.

घर

आम्ही धनगर. शेंद्र्याकडची आमची थोडी जमीन आणि मेंढरं चारायचं रान कारखान्यांच्या वसाहतीत गेलं. मेंढरं विकली. त्यानंतर दोन वर्षांनी मालक वारले. मुलगा दत्ता त्याच रानात उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात लागला, पुढं सुपरवायझर झाला. त्यानं मुकुंदवाडीच्या पुढं, शहर जिकडं पसरत चाललंय तिकडं, सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. घरात आम्ही तिघं. दत्ता, सून सुवर्णा आणि मी. सुवर्णा शाळेत शिकवते. दोघं सकाळी बाहेर पडले की दिवसभर मी एकटी.

फ्लॅटमध्ये ते आधीच बसवलेलं होतं. प्रत्येक खोलीत छताला वाटीएवढी एक पांढरी डबी. ती माणसाचा आवाज ऐकते, चालणं बघते, आणि माणूस खुशीत आहे, चिडलंय की उदास आहे ते ठरवते. मग घर तसं वागतं. कुणी चिडलं तर दिवे मंद करतं. उदास असलं तर काहीतरी वाजवतं. आणि घरातल्या प्रत्येकाचा रंग दत्ताच्या मोबाईलवर दिसतो. हिरवा म्हणजे खुशीत, पिवळा म्हणजे ठीक, लाल म्हणजे काहीतरी बिघडलंय. शिवाय त्या डबीतून एक बाई बोलते, अगदी पुस्तकातल्यासारखं. "आपण आज प्रसन्न आहात." जन्मात मला आपण म्हणणारी ती पहिलीच.

आल्यागेल्याला दत्ता ते कौतुकानं दाखवायचा. कंपनीत बसून आई कशी आहे ते मला कळतं, म्हणायचा. लोक म्हणायचे, म्हातारीनं नशीब काढलं.

डाग

पाळी जाऊन वीस वर्षं झाली होती आणि एका सकाळी लुगड्याला डाग दिसला. मी तो धुतला. पंधरा दिवसांनी परत दिसला, तोही धुतला. मग कंबर धरायला लागली. ओटीपोटात कुणीतरी दोरी पिळल्यासारखं व्हायचं.

हे कुणाला सांगायचं. मुलाला अंगावरून जातंय म्हणून सांगणारी आई आमच्यात अजून जन्मायची आहे. सुवर्णाला सांगता आलं असतं. पण ती संध्याकाळी दमून येते, त्यात ते दुष्काळाचं दुसरं वर्ष, नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, बाकी टँकर. तिच्या डोक्यात कायम बादल्या. मी गप्प राहिले. माझी चूक मी झाकत नाही.

पण अगदीच गप्प राहिले असंही नाही. तिसऱ्या महिन्यात मी दत्ताला म्हणाले, "दत्ता, कंबर लई धरती रे. पोटात बी दुखतं."

तो जेवत होता. त्यानं डाव्या हातानं मोबाईल उचलला, बोटानं वरखाली केलं आणि मला दाखवला. "आई, हे बघ. महिनाभर हिरवंच आहे. परवा तर दिवसभर हिरवं. थंडीनं धरत असंल. तेल लाव."

मी त्या हिरव्या पट्ट्या बघितल्या. तारखा मला वाचता येतात. परवा दिवसभर मी पलंगाची कड धरून बसले होते.

मला वाटलं, एवढं मोठं घर, एवढी हुशार डबी, तीच खोटी कशी असेल. माझंच मन भित्रं झालं असेल. मी तेल लावलं. पुढचे चार महिने तेलच लावत राहिले.

सूर

आता घर मला खुशीत कसं समजत होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी हसत बसत होते.

मेंढरं माणसाच्या आवाजावर जगतात. राखणारा ओरडला की कळप उधळतो. एकदा उधळला की निम्मी मेंढरं विहिरीत नाहीतर लांडग्याच्या तोंडात. म्हणून आमच्यात लहानपणीच शिकवतात की पायात काटा जावो की विंचू चावो, तोंडातून किंकाळी निघता कामा नये. घशातल्या घशात सूर धरायचा. तोंड मिटून, खालच्या पट्टीत, लांब. मेंढरांना वाटतं सगळं ठीक आहे, ती चरत राहतात. आपलं दुखणं आपण त्या सुरावर काढायचं.

माझं सगळं आयुष्य त्या सुरावर गेलं. दाढ दुखली तेव्हा, अंगावर उकळतं पाणी सांडलं तेव्हा. दत्ताआधी एक मूल पाचव्या महिन्यात पडलं, तेव्हा मी जालन्याच्या वाटेवर कळपामागं चालत होते. चालतच राहिले. मेंढरं विकून किती वर्षं झाली, पण दुखलं की अजून तोच सूर लागतो. सातव्या मजल्यावर उधळायला एक मेंढरू नाही तरी लागतो.

पलंगाची कड धरून मी दिवसभर सूर धरायचे आणि छतातली बाई सांगायची, "आपण आज प्रसन्न आहात."

निदान

सातव्या महिन्यात मी मोरीत चक्कर येऊन पडले. रविवार होता म्हणून सुवर्णा घरात होती. तिनं दार ढकललं तर फरशीवर रक्त. तिनं आधी माझं लुगडं सारखं केलं, मग दत्ताला हाक मारली. तो क्रम मी विसरणार नाही.

"आई, हे कधीपासून?" ती म्हणाली.

"सात महिने."

तिचं तोंड पांढरं पडलं.

सरकारी दवाखान्यात तपासलं, आतला तुकडा काढून पाठवला. पंधरा दिवसांनी कागद आले. डॉक्टरीणबाई सुवर्णापेक्षा लहान असतील. त्या दत्ताला म्हणाल्या, जरा बाहेर या, बोलायचंय. मी म्हणाले, इथंच बोला, पोट माझं आहे. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि सांगितलं. कॅन्सर आहे. बाजूला पसरलाय. लवकर आला असतात तर ऑपरेशनवर भागलं असतं, आता ऑपरेशन करून उपयोग नाही, मशीनखाली किरणं घ्यावी लागतील आणि आठवड्याला एकदा सलाईनमधून औषध. बरं होता येतं. खात्री देत नाही.

मला त्या बाई आवडल्या. मधाचं बोट लावलं नाही.

दत्तानं काय करावं? त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि त्यांच्यापुढं धरला. "मॅडम, पण असं कसं? सात महिने ही हिरवी आहे. रोजचं आहे ह्याच्यात."

डॉक्टरीणबाईंना आधी कळेना हा काय दाखवतोय. सुवर्णानं सांगितलं. त्यांनी मोबाईलकडं बघितलं, मग दत्ताकडं, आणि विचारलं, "आणि ह्या काय म्हणत होत्या?"

दत्ताला उत्तर आलं नाही. मला आलं असतं, पण मी दिलं नाही. त्याची दया आली म्हणून नाही. मला त्याला तसंच उभं बघायचं होतं.

पाणी पिऊन थांबायचं

किरणं पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. बायका त्याला शेक म्हणतात. दुखत नाही. पण त्या खोलीत आपल्याला एकटं झोपवतात, सगळे बाहेर जातात, जाड दार लागतं आणि मशीन अंगाभोवती फिरतं. पहिल्या दिवशी मी भ्याले. सूर लागला. भिंतीतून माणसाचा आवाज आला, "आजी, हलू नका. गाणं नंतर म्हणा." मी मनात म्हणाले, मेल्या, हे गाणं नव्हे.

ह्या आजाराच्या शेकाला लघवीची पिशवी भरलेली लागते. लिटरभर पाणी पिऊन तासभर दाबून बसायचं. नसली भरलेली तर परत पाठवतात आणि नंबर मागं जातो. तिथं नळ होता, पण त्या वर्षी त्याला कधी पाणी असायचं, कधी नसायचं. बायका घरून बाटल्या आणायच्या. बाकावर आम्ही सात-आठ जणी दात आवळून बसलेल्या, आणि बाहेर टँकरमागं भांडणं.

माझ्या शेजारी सुमनबाई असायच्या. देवगाव रंगारीच्या, बौद्ध समाजाच्या, पुतणीकडं मुकुंदवाडीत उतरलेल्या. आजार माझाच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जय भीम केला, मी रामराम केला आणि त्यांनी सरळ विचारलं, "अक्का, रगत जातं का? दुखतं कुठं?"

सात महिन्यांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं, घराचंसुद्धा. त्या नीट ऐकत होत्या.

"म्हंजी भिंतीला तुमच्या मनातलं कळतं?"

"कळतं म्हणतात."

"माझ्या नवऱ्याला चाळीस वर्षांत कळलं नाय, भिंतीला काय कळतंय डोंबल." मग म्हणाल्या, "चा टाकती का पण ती?"

मी हसले आणि हसण्यानं लघवी सुटता सुटता राहिली. सुटली असती तर परत लिटरभर पाणी. सुमनबाई म्हणाल्या, सोडू नका अक्का, टँकरचं हाय.

माझी बाटली एकदा घरीच राहिली. त्यांनी आपली अर्धी दिली. मग त्यांचीच पिशवी पुरती भरली नाही आणि त्यांचा नंबर मागं गेला. दुपारी तीनपर्यंत बसल्या. त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचे शेक माझ्याआधी आठवडाभर संपले, त्या गावी गेल्या. पत्ता घ्यायचं राहिलं.

घरातले हाल

तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब लागले. दिवसातून दहा-दहा वेळा. कपडे भरायचे. धुवायला पाणी नाही. सुवर्णा शाळेतून आली की आधी मोरीतल्या बादल्या बघायची, मग मला. मला ते लागायचं. आता विचार करते तर तिच्या जागी मीही आधी बादल्याच बघितल्या असत्या. एकदा तिनं माझे कपडे दोन वेळच्या भांड्यांच्या पाण्यात भिजवले आणि रडली. मी बघितलं. तिनं बघितलं की मी बघितलं. दोघी गप्प.

घर मात्र गप्प बसत नव्हतं. आता मी सूर धरण्याच्याही पलीकडं गेले होते, कण्हत होते. त्यामुळं पट्ट्या लाल व्हायच्या आणि घर मला बरं वाटावं म्हणून काहीतरी वाजवायचं. एका दुपारी डोळा लागला होता. जागी झाले तर पावसाचा आवाज. चांगला दणकून. मी उठले, अंगात ताकद नसताना दोन बादल्या आणि परात ओढत गॅलरीत नेऊन मांडल्या आणि कठड्याला धरून उभी राहिले. वर पांढरं आभाळ. खाली टँकरची रांग. समोरच्या गॅलरीतली बाई माझ्याकडं बघत होती. आवाज माझ्यामागून, खोलीतून येत होता.

सुवर्णा आली तेव्हा मी बादल्यांजवळ खाली बसले होते. तिला कळायला वेळ लागला. मग तिनं छताकडं बघून अशी एक शिवी दिली की शाळेतल्या बाईच्या तोंडी ती असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या आजारपणात मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त माया तेव्हा वाटली.

दत्तानं काय शिकवलं होतं

शेक संपले. आतूनही शेक दिले, त्याबद्दल लिहीत नाही, ज्यांना लागेल त्यांना सिस्टर सांगतील. वाईट असतं आणि संपतं.

मग एक दिवस मी दत्ताला समोर बसवलं आणि विचारलं, तुझ्या त्या डबीला माझा सूर खुशीचा का वाटला? तो आधी टाळत होता. मग म्हणाला, घर नवीन असताना त्याला शिकवावं लागतं. ते घरातल्या माणसांचे आवाज साठवतं आणि विचारतं, हा आवाज कसला, हसणं का रडणं का राग. घरातल्यानं सांगायचं.

"मग माझ्या सुराला काय सांगितलंस?"

त्यानं मान खाली घातली. "खुशी."

"कामून?"

"लहानपणी मी ह्याच्यावरच झोपायचो, आई. बाकी सगळे ओरडायचे, शिव्या द्यायचे. तू गात असायचीस. मला वाटायचं, आई गातीय म्हंजी सगळं ठीक हाय."

मला पहिल्यांदा राग आला तो त्याचा नव्हे. डबीला दोष देणं सोपं होतं. तिला काय माहीत, तिला जे सांगितलं ते तिनं धरलं. त्याला काय माहीत, त्याला मी जे ऐकवलं ते त्यानं धरलं. मी मेंढरांना फसवायला सूर धरला आणि पोराला फसवून बसले. ज्याला तो आईचं गाणं समजून झोपत होता ते माझं दुखणं होतं. मी त्याला तसं सांगितलं. कोणत्या रात्री काय दुखत होतं तेही सांगितलं, पाचव्या महिन्यात पडलेल्या मुलाचंही सांगितलं. त्याला ठाऊक नव्हतं. तो उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. सुवर्णा म्हणाली, आई, आता एवढं कशाला सांगायचं. मी म्हणाले, मग कधी.

लोकांना वाटतं ह्यानंतर मायलेकरं गळ्यात पडून रडली असतील. नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मोबाईलवर दुरुस्ती केली. सूर म्हणजे दुखणं. म्हणाला, आता चुकणार नाही.

आता मात्र मी तांदूळ निवडताना सवयीनं सूर धरला तरी त्याचा मोबाईल बोंबलायचा. दोनदा तो काम सोडून धावत आला. दोन्ही वेळा मी ठणठणीत. तिसऱ्या वेळी दारातच म्हणाला, "आई, काय खेळ लावलाय तू. शिफ्ट सोडून येतो मी."

"मला विचारलंस का फोन करून?"

"विचारायचं काय? ते सांगतंय ना."

"काढ ते माझ्या खोलीतून," मी म्हणाले.

त्यानं काढलं. रागारागात स्टूल घेतलं, डबी काढली आणि मोबाईलवरून माझं नावही पुसलं. छताला पांढरा गोल डाग राहिला.

आता

मला वाटलं होतं, डबी गेली की पोरगा विचारेल. पहिल्या दिवशी नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी नाही. मोबाईलवर माझी पट्टीच नाही, त्यामुळं मी त्याच्या ध्यानातून गेले. चौथ्या दिवशी ओटीपोटात परत कळ आली. रात्री आठ वाजता, तो जेवायला बसलेला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि घशात सूर चढत होता. मी तोंड उघडलं.

"दत्ता, आज पोटात कळ आली. डाव्या बाजूला. दोनदा. रगत नाय. सकाळी भाकर खाल्ली, दुपारी नाय गेली."

त्याचा घास हातात राहिला. "दवाखान्यात जायचं का?"

"आज नको. उद्या राहिली तर जाऊ."

ती कळ आपोआप गेली. पण दुसऱ्या दिवशीही मी तिथंच उभी राहिले आणि सांगितलं. तिसऱ्याही. काही नसलं तर काही नाही असं सांगते, पण सांगते. रक्त, लघवी, जुलाब, सगळ्यांची नावं घेऊन, तो जेवत असताना. सुरुवातीला तो ताटाकडं बघायचा. एकदा म्हणाला, "आई, रोज काय?"

"रोज," मी म्हणाले.

तीन-तीन महिन्यांच्या दोन तपासण्या झाल्या. दोन्हीत गाठ दिसली नाही. डॉक्टरीणबाई अजूनही खात्री देत नाहीत.

बायांनो, तुमचं दुखणं तुमच्या तोंडावर कुणाला दिसेल ह्याची वाट बघू नका. नवऱ्याला दिसत नाही, पोराला दिसत नाही, त्यांनी घेतलेल्या घराला तर नाहीच. लाज वाटेल. मलाही वाटते, आणि दत्ताला माझ्यापेक्षा जास्त वाटते. वाटू दे. काल सांगून झाल्यावर मी वळले तर तो मागून म्हणाला, "आणि कंबर?"

कंबरेचं सांगायचं मी विसरले होते.